जलतरण तलावाची शिडी वारंवार सैल का होते आणि ती जागेवर पक्की कशी राखावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: तलावाच्या काठावर बसवलेली स्टेनलेस स्टीलची शिडी डगडगते, दर महिन्याला सॉकेटमधील (फरशीत रोवलेल्या, दांडा धरून ठेवणाऱ्या पेल्यातील) बोल्ट आवळूनही काही दिवसांत पुन्हा सैल होते आणि तिचा एक दांडा फरशीतून बोटभर वर आलेला दिसतो. त्याला जोडून आपण असेही विचारले आहे की, जमिनीवर उभारलेल्या दुसऱ्या लहान तलावातील प्लास्टिकची शिडी तळाला टेकून राहतच नाही, ती तरंगते. तेव्हा तिला कशाने दाबून धरावे. जलतरण तलावांच्या देखभालीचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि या दोन्ही तक्रारी माझ्याकडे नेहमी येतात. दोन्ही शिड्यांची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून उत्तरही स्वतंत्रपणे देतो. मात्र एक विनंती आधी करतो. दुरुस्ती होईपर्यंत ती शिडी वापरातून काढा. शक्य असल्यास ती उपसून बाजूला ठेवा. शक्य नसल्यास दोन्ही दांड्यांना आडवी पट्टी बांधून वाट बंद करा. पाण्यातून थकून बाहेर येणारा माणूस आपला सगळा भार हातांवर घेऊन शिडीला लटकलेला असतो आणि त्याच क्षणी दांडा निसटला तर त्याचे डोके काठावर आपटते. ‘सांभाळून वापरा’ अशी पाटी लावून हा धोका टळत नाही.

आता काठावरच्या शिडीकडे वळू. बहुतेक जण सॉकेटमधल्या बोल्टकडेच पाहतात, कारण तो दिसतो आणि त्याला पाना लागतो. माझ्या अनुभवात मात्र वारंवार सैल होणाऱ्या शिडीचे मूळ बहुधा पाण्याखाली, दांड्यांच्या खालच्या टोकांना असते. तेथे रबराच्या किंवा प्लास्टिकच्या टोप्या असतात आणि त्या तलावाच्या भिंतीला टेकलेल्या असायला हव्यात. त्या झिजल्या, कडक होऊन फुटल्या किंवा निसटून गेल्या की शिडी खालून अधांतरी होते. असे का होते, हे साध्या तरफेच्या हिशोबाने समजते.

समजा, ८० किलो वजनाचा माणूस पाण्याबाहेर येताना वरच्या पायरीवर उभा आहे. शिडीचे दांडे काठावरच्या सॉकेटमधून निघून, कमान घेऊन पाण्यात उतरतात, त्यामुळे त्याचे वजन सॉकेटच्या सरळ वर पडत नाही. ते साधारण अर्धा मीटर पुढे, पाण्याच्या बाजूला पडते. हे वजन शिडीला पुढे ओणवे करू पाहते आणि शिडीचा खालचा भाग भिंतीकडे ढकलला जातो. खालची टोके सॉकेटपासून सुमारे एक मीटर खाली भिंतीला टेकलेली असतील, तर हा उलटवणारा जोर तेथे भिंतीवर ४० किलोच्या आसपास दाब देऊन थांबतो आणि सॉकेटला जवळजवळ सरळ उभेच वजन पेलावे लागते. टोके टेकलेली नसतील, तर तोच जोर १० सेंटिमीटर खोलीच्या सॉकेटच्या आत जिरवावा लागतो. तेथे तरफेचा लांब हात उरलेला नसतो, म्हणून सॉकेटच्या वरच्या कडेवर एका दिशेने आणि तळाशी उलट दिशेने सुमारे ४०० किलोइतका रेटा येतो; दोन सॉकेटांत वाटला तरी प्रत्येकी २०० किलो. हे आकडे ढोबळ आहेत, पण दहापटीचा फरक खरा आहे. दिवसातून शंभर वेळा असा रेटा बसला की बोल्ट कितीही आवळलेला असो, दांडा त्याला सॉकेटमध्ये दाबून धरणाऱ्या पाचरीतून केसाकेसाने वर सरकत राहतो, सॉकेटभोवतीचे काँक्रीट सुटू लागते आणि आपण पुन्हा पाना घेऊन बसतो. आपल्या शिडीचा दांडा बोटभर वर आला आहे, यावरून तिच्या बाबतीत हेच घडत असावे, असा माझा प्रथमदर्शनी अंदाज आहे. तरीही अंदाजावर काम करू नये. तपासणी अर्ध्या तासाची आहे.

तपासणीसाठी दोन माणसे हवीत. एकाने काठावर उभे राहून दांडा हातात धरावा आणि पुढेमागे, मग डावीकडे-उजवीकडे सावकाश हलवावा. दुसऱ्याने पोहण्याचा चश्मा लावून पाण्यात उतरावे. हालचाल चार ठिकाणी असू शकते आणि प्रत्येक ठिकाणचा उपाय निराळा आहे. पहिले ठिकाण खालच्या टोप्या: शिडी हलवताना टोपी भिंतीपासून सुटते का, हे पाण्यातल्या माणसाने पाहावे. जाडसर प्लास्टिकची एक पट्टी टोपी आणि भिंत यांच्यामध्ये सरकवून पाहिली तर अधिक खात्री होते. पट्टी सहज आरपार जात असेल तर टोपी टेकलेली नाही. दुसरे ठिकाण म्हणजे सॉकेटमध्ये हलणारा दांडा. यासाठी दांड्यावर बसवलेली झाकणाची चकती वर सरकवून सॉकेटचे तोंड उघडे करावे लागते. चकती तशीच ठेवून केलेली तपासणी निरुपयोगी असते, कारण खरा दोष तिच्याखालीच लपलेला असतो. तिसरे, सॉकेट स्वतःच फरशीत हलते का. सॉकेटच्या कडेभोवती थोडे पाणी ओता आणि दांडा हलवा. पाणी खालीवर होऊ लागले किंवा कडेने बुडबुडे निघाले, तर सॉकेटने काँक्रीट सोडले आहे, असे समजावे. डोळ्यांना न दिसणारी फटही या युक्तीने उघड होते. चौथे ठिकाण पायऱ्यांचे बोल्ट. ते सैल असले की सगळी शिडीच डुगडुगल्यासारखी वाटते, पण दांडे मात्र स्थिर असतात. शेवटी, चकतीच्या पातळीवर दोन्ही दांड्यांवर न पुसणाऱ्या शाईने एकेक रेघ मारून ठेवा. दुरुस्तीनंतर ती रेघ जागेवर राहते की वर चढते, यावरूनच काम नीट झाले की नाही ते कळेल.

टोप्यांपासून सुरुवात करू. जुनी टोपी काढताना तिच्या बैठकीचा प्रकार पाहून घ्या: काही टोप्या दांड्याच्या बाहेरून चढतात, काही बुचासारख्या पाइपच्या आत बसतात, आणि भिंतीला टेकणारा भाग कोठे सपाट तर कोठे गोल असतो. क्लोरीनच्या पाण्यात रबर काही वर्षांत कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात आणि ते हाताला काळे लागते. असे रबर शाबूत दिसले तरी बदलावे आणि दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे. एकच टोपी नवी घातली तर तिची जाडी जुनीपेक्षा जास्त भरते आणि शिडी एका पायावर टेकते. टोपी चढत नाही म्हणून तिला पेट्रोलियमचे ग्रीस किंवा जेली लावू नका. त्याने अनेक प्रकारचे रबर फुगते आणि मऊ पडते. साबणाचे पाणी पुरते. विनाइलचे अस्तर असलेल्या तलावात तर टोपीविना एक दिवसही शिडी ठेवू नये, कारण पाइपची उघडी कड अस्तर कापते. अशा तलावात आणि फायबरग्लासच्या तलावातही, रुंद आणि सपाट तोंडाची टोपी घ्यावी, म्हणजे दाब थोड्याशा जागेत न एकवटता पसरतो.

कधी कधी दोन्ही टोप्या नव्या असूनही एकच टेकते. भिंत किंचित वाकडी असते, तलावाला वळण असते किंवा दोन सॉकेट काठापासून सारख्या अंतरावर नसतात. अशा वेळी दांडा वाकवून जुळवण्याचा मोह टाळावा. वाकवलेला पाइप जोडाशी ताणाखाली राहतो आणि पुढे तेथेच चिरतो. कमी पडणाऱ्या बाजूला जास्त जाडीची टोपी घालणे किंवा टोपीमागे त्याच रबराची चकती चिकटवणे हा सरळ उपाय आहे. फरक एक-दोन सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल तर सॉकेटच चुकीच्या जागी बसले आहे, आणि त्याचा विचार पुढे केला आहे.

आता पाचर. सॉकेट म्हणजे फरशीत रोवलेला एक पेला असतो. त्यात दांडा उतरतो आणि शेजारच्या खाचेत कांस्याची, ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची पाचर असते. पाचरीची एक बाजू पाइपच्या गोलाईला जुळणारी खोलगट असते आणि पाठ उतरती असते. वरून बोल्ट आवळला की पाचर वर खेचली जाते आणि पाइप व सॉकेटची भिंत यांच्यामध्ये घट्ट रुतते. म्हणूनच दांडा सोडवताना बोल्ट पूर्ण काढायचा नसतो. पूर्ण काढला तर पाचर तळाशी पडते आणि तिला बाहेर काढणे फार जिकिरीचे होते. बोल्ट तीन-चार फेरे सैल करा, त्याच्या माथ्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि हातोडीने हलके ठोके द्या, म्हणजे पाचर खाली उतरून पाइप मोकळा होतो. क्षार साचून ती जाम झाली असेल तर गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबा. तलावाच्या बाजूला तेल ओघळू नये म्हणून भोवती कापड गुंडाळा. त्यानंतर दोघांनी मिळून दोन्ही दांडे एकाच वेळी सरळ वर उचलावेत. एका बाजूने आधी उपसू लागलात तर दुसरा दांडा तिरका होऊन सॉकेटमध्ये अडकतो आणि प्लास्टिकचे सॉकेट असेल तर ते तडकते.

शिडी बाहेर आली की सॉकेटचा तळ पाहा. वाळू, पाने, केस आणि क्षार यांचा थर तेथे हमखास सापडतो, आणि सैल शिडीचे हे असे कारण आहे की जे फार थोडे लोक तपासतात. त्या थरामुळे पाइप पूर्ण खोलीपर्यंत उतरत नाही, म्हणून आधीच तोकडी असलेली पकड आणखी तोकडी होते, आणि पायरीवर भार आला की सारे वजन पाचरीच्या घर्षणावर येते. पाइपचे टोक सॉकेटच्या तळाला टेकलेले असेल, तर उभे वजन तळ पेलतो आणि पाचरीला फक्त हालचाल रोखायची असते. तेव्हा सॉकेट पूर्ण उपसा, ओले-कोरडे ओढणाऱ्या व्हॅक्यूमने स्वच्छ करा आणि तळाला निचऱ्याचे छिद्र असेल तर ते मोकळे करा. पाचर आणि पाइपचा सॉकेटमध्ये जाणारा भाग नायलॉनच्या ब्रशने घासा. साध्या लोखंडी तारेचा ब्रश स्टेनलेस स्टीलला कधीही लावू नये. त्याचे लोहकण पृष्ठभागात रुततात आणि काही आठवड्यांत तांबूस डाग उमटू लागतात.

परत बसवताना बोल्टच्या आट्यांना आणि पाचरीच्या उतरत्या पाठीला सिलिकॉनचे पाणीरोधक ग्रीस थोडेसे लावा, म्हणजे पुढच्या वेळी ती सुटेल. पाइपला चिकटणाऱ्या खोलगट बाजूला मात्र अजिबात ग्रीस नको, कारण तेथले घर्षणच दांडा धरून ठेवते. पाचर उलटी बसवण्याची चूकही सर्रास होते: खोलगट बाजू बाहेर आणि उतार पाइपकडे. अशी पाचर एका रेघेवर टेकते, आवळल्यावर घट्ट वाटते आणि आठवड्यात सुटते. झाकणाच्या चकत्या दांडा उतरवण्यापूर्वी पाइपवर चढवायला विसरू नका, नाही तर सगळे काम पुन्हा करावे लागेल.

आवळण्याची रीत महत्त्वाची आहे. दोन्ही दांडे तळापर्यंत उतरल्यावर पाण्यातल्या माणसाने शिडीचा खालचा भाग दोन्ही हातांनी भिंतीकडे दाबून धरावा, टोप्या भिंतीवर बसल्याची खात्री करावी आणि तशा स्थितीतच काठावरच्या माणसाने बोल्ट आवळावेत: थोडा डावा, थोडा उजवा, पुन्हा डावा. याने शिडी पहिल्यापासून भिंतीवर किंचित दाबलेली राहते. आधी वरून आवळून मग टोपी टेकते का पाहणे हा उलटा क्रम आहे. वर एकदा पाचर रुतली की खालची दोन मिलिमीटरची फट तशीच राहून जाते. नेहमीच्या आखूड पान्याने हाताच्या ताकदीइतके आवळणे पुरे असते. पान्याला पाइप जोडून जोर वाढवू नका. त्याने बोल्टचे आटे जातात किंवा सॉकेट फाटते, आणि पकड तेवढ्याने वाढतही नाही.

इतके करूनही दांडा सॉकेटमध्ये हलत असेल तर पाइपचा व्यास मोजा. या शिड्यांचे पाइप सर्वत्र सारखे नसतात. अमेरिकी पद्धतीच्या शिड्यांचा पाइप सुमारे ४८ मिलिमीटर, म्हणजे १.९ इंच, बाहेरच्या व्यासाचा असतो, तर युरोपीय पद्धतीच्या अनेक शिड्यांचा ४३ मिलिमीटर. जुनी शिडी बदलून नवी आणताना सॉकेट तेच ठेवले जाते आणि ४३ चा पाइप ४८ च्या सॉकेटमध्ये बसवला जातो. पाच मिलिमीटरची ती उणीव पाचर भरून काढू शकत नाही. पत्र्याच्या किंवा रबराच्या पट्ट्या गुंडाळून काम भागवलेले मी पाहिले आहे. त्या दबतात, सरकतात आणि ओल धरून पाइपला आतून खातात. पाइपच्या मापाची पाचर किंवा त्या मापाचे सॉकेट, एवढेच दोन खरे मार्ग आहेत. दोन दांड्यांमधले मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतरही दोन पद्धतींत थोडेसे वेगळे असते, अनुक्रमे सुमारे ५०८ आणि ५०० मिलिमीटर. आठ मिलिमीटरचा हा फरक किरकोळ वाटतो, पण दांडे ओढून किंवा दाबून बसवावे लागत असतील तर शिडी कायम ताणाखाली राहते.

पाण्याच्या चाचणीत सॉकेटच हलताना दिसले, तर कडेच्या फटीत सिमेंट किंवा सिलिकॉन भरून काहीही साध्य होत नाही. फार तर फट दिसेनाशी होते. सॉकेट काढून नव्याने रोवावे लागते. काँक्रीट गोल कापून काढणाऱ्या कोअर यंत्राने जुने सॉकेट त्याच्या भोवतालच्या काँक्रीटसह काढावे; सॉकेटभोवती चहूबाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर आणि खाली तेवढीच जागा मोकळी राहील असे भोक घ्यावे. कापण्यापूर्वी सॉकेटला जोडलेली तांब्याची तार कोठून येते ते शोधून ठेवा. त्या तारेविषयी पुढे लिहितो. भोकाच्या भिंती धुऊन ओलसर ठेवाव्यात आणि न आकसणारे ग्राउट (पोकळी भरण्याचा तयार सिमेंटी माल) वापरावे. साधा वाळू-सिमेंटचा माल सुकताना आकसतो आणि पहिल्या दिवसापासूनच सॉकेटभोवती केसाएवढी फट तयार होते.

सॉकेट सरळ उभे राहण्यासाठी शिडीचाच साचा म्हणून उपयोग करावा. दोन्ही सॉकेट आधी दांड्यांना पाचरीने पक्के करा, शिडी जागेवर उतरवा, टोप्या भिंतीला टेकवा, पाणसळीने पायऱ्या आडव्या आहेत आणि ओळंब्याने दांडे उभे आहेत हे पाहा, लाकडी टेकू देऊन शिडी बांधून ठेवा आणि मग ग्राउट ओता. असे केले की अंतर, कोन आणि टोपीचा दाब तिन्ही गोष्टी एकदम जुळतात. सॉकेट सुटे रोवून नंतर शिडी बसवायला गेलात तर तिन्हींत चूक होण्याची शक्यता असते. ग्राउटच्या पिशवीवर लिहिलेली मुदत पूर्ण होईपर्यंत शिडीला कोणी हात लावू नये. वरून कडक लागले म्हणून दुसऱ्या दिवशी शिडी सुरू करणे हे पुन्हा सैल होण्याचे मोठे कारण आहे.

काही तलावांच्या काठाला अखंड काँक्रीट नसते. वाळूवर बसवलेल्या फरशा किंवा ठोकळे असतात आणि सॉकेट त्यांच्यातच अडकवलेले असते. अशी शिडी कधीच स्थिर राहणार नाही. प्रत्येक सॉकेटखाली, किंवा दोन्हींना मिळून एक सलग, काँक्रीटचा ठोकळा घालावा लागतो. एकेका सॉकेटसाठी मी साधारण ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल ठोकळा धरतो. जमीन भुसभुशीत असेल तर दोन्हींना जोडणारा सलग पट्टा बरा.

तांब्याच्या तारेचा मुद्दा स्थैर्याचा नाही, पण या दुरुस्तीत तोच सर्वाधिक विसरला जातो आणि त्याचे परिणाम जिवावर बेतू शकतात. तलावाजवळच्या धातूच्या सगळ्या वस्तू, म्हणजे शिडी, कठडे, काँक्रीटमधल्या सळया आणि पंपाची बॉडी, एकमेकांना तांब्याच्या वाहकाने जोडलेल्या असतात, जेणेकरून कोठे गळती झाली तरी ओल्या माणसाच्या दोन हातांमध्ये किंवा हात आणि पाण्यामध्ये विद्युतदाबाचा फरक राहू नये. शिडी या जाळ्याला धातूच्या सॉकेटवरच्या स्क्रूतून जोडलेली असते. जुने धातूचे सॉकेट काढून प्लास्टिकचे घातले की शिडी त्या जाळ्यातून सुटते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. सॉकेट बदलायचे झाल्यास जोडणीची सोय असलेले धातूचेच घ्यावे आणि ग्राउट ओतण्यापूर्वी परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाकडून ती जोडणी तपासून घ्यावी. एकदा काँक्रीट बसले की ती पाहता येत नाही.

गंजाविषयी. स्टेनलेस स्टील गंजत नाही हा समज चुकीचा आहे. क्लोराइडच्या सान्निध्यात तेही खाल्ले जाते, विशेषतः जेथे पाणी अडून राहते आणि हवा पोचत नाही तेथे. सॉकेटच्या तोंडाशी, चकतीखाली, टोपीच्या आत आणि पायरीच्या बोल्टभोवती नेमकी अशीच परिस्थिती असते. ३०४ प्रतीच्या स्टीलपेक्षा ३१६ प्रतीचे स्टील येथे अधिक टिकते, कारण त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. खाऱ्या पाण्याच्या तलावाला तर ३१६ पेक्षा कमी प्रतीची शिडी मी सुचवत नाही. तांबूस पातळ डाग नुसते पृष्ठभागावरचे असतात आणि गोड्या पाण्याने धुऊन, मऊ कापडाने पुसून जातात. बारीक खड्डे, जोडाशी रेघेसारखी चीर किंवा चकतीखाली पाइपभोवती खोल वलय दिसले, तर मात्र ती शिडी दुरुस्त करू नये, बदलावी. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या स्टीलवर विसंबून चालत नाही. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे बंदिस्त जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जणांचा मृत्यू झाला; ते छत ज्या स्टेनलेस स्टीलच्या दांड्यांनी टांगलेले होते, त्यांना ताण आणि क्लोराइड यांच्या एकत्रित परिणामाने तडे गेले होते. शिडीवर तसा सततचा ताण नसतो, पण जबरदस्तीने वाकवून बसवलेल्या शिडीत तो आपणच निर्माण करतो, म्हणून वर इतके आग्रहाने लिहिले. फरशीचे डाग काढायला हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरत असाल तर त्याआधी शिडी काढून ठेवा. त्याचे शिंतोडे आणि वाफ दोन्ही स्टीलला अपायकारक असतात.

पायऱ्यांचे काम सोपे आहे. सैल बोल्ट आवळा, आटे गेलेले बदला, नायलॉनची कडी असलेले स्वतः अडकून राहणारे नट वापरा आणि बोल्ट शिडीच्याच प्रतीच्या स्टीलचा घ्या. साधा लोखंडी बोल्ट एका हंगामात गंजून पाइपचे भोक मोठे करतो. प्लास्टिकची पायरी बोल्टच्या भोकाशी तडकलेली असेल तर ती बदलावी.

आता तरंगणारी प्लास्टिकची शिडी. येथे झगडा पाण्याच्या उत्प्लावक बलाशी आहे. शिडीचे पोकळ भाग हवेने भरलेले असतील तर आत अडकलेली प्रत्येक लिटर हवा शिडीला जवळजवळ एक किलोच्या बळाने वर उचलते. त्यामुळे वजन टाकण्यापूर्वी हवा बाहेर काढावी. पाण्यात बुडणाऱ्या भागांना वर आणि खाली छिद्रे असतात. ती बुजलेली नाहीत ना हे पाहा आणि शिडी एकदम उभी न ढकलता तिरकी धरून सावकाश बुडवा, म्हणजे बुडबुडे निघून पाणी आत शिरते. छिद्रे नसतील तर उत्पादकाने सांगितलेल्या जागीच पाडा. मनाने पाडलेले भोक पायरीची ताकद घालवू शकते.

त्यानंतर वजन. पाण्याखाली वजन कमी भरते, हे येथे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २० किलो वाळूचे कण साधारण साडेसात लिटर पाणी बाजूला सारतात, म्हणून ती पिशवी पाण्यात १२ ते १३ किलो इतकीच भरते. हवेत पुरेसे वाटलेले वजन पाण्यात तोकडे पडते ते यामुळेच. शिडीच्या तळाशी वजनासाठी ठेवलेली पोकळी असेल तर तीच वापरावी आणि दोन्ही बाजूंना सारखे वजन घालावे. वाळू धुतलेली, जाड कणांची आणि दुहेरी पिशवीत पक्की बंद केलेली असावी. पिशवी फाटली की वाळू थेट गाळण यंत्रणेत जाते. लोखंडी वजने वापरू नका, त्यांचे गंजाचे डाग अस्तरावरून निघत नाहीत. ओबडधोबड विटा किंवा काँक्रीटचे तुकडेही नकोत, कारण त्यांच्या कडा अस्तर कापतात. शिडीच्या पायांखाली रबराची जाड चटई घालावीच. वजन वाढवल्यावर तर तिची गरज अधिक असते. चटई घालण्यापूर्वी खाली एखादा खडा राहिला आहे का, हे हाताने चाचपून पाहा.

या शिडीचा बाहेरचा अर्धा भाग जमिनीवर उभा असतो आणि डुगडुगण्याचे कारण पुष्कळदा तेथे सापडते. मऊ मातीत एक पाय खचला की आतली बाजू उचलली जाते, आणि आपण मात्र पाण्यातले वजन वाढवत राहतो. बाहेरच्या दोन्ही पायांखाली सपाट फरशी बसवा आणि पाणसळीने समतल करा. शिडीची उंची तलावाच्या भिंतीच्या उंचीशी जुळलेली असावी. ती आखूड असेल तर भार तलावाच्या वरच्या कडेवर येतो आणि ती कड असा भार घेण्यासाठी बनवलेली नसते. शिडीवर लिहिलेली वजनाची मर्यादा एका वेळी एकाच माणसासाठी असते. आणखी एक त्रास या शिड्यांना असतो: पोकळीतले पाणी हलत नाही, तेथे क्लोरीन पोचत नाही आणि शेवाळ धरते. दर काही आठवड्यांनी शिडी बाहेर काढून आतून धुतली नाही तर पायऱ्या निसरड्या होतात आणि तलावाचे पाणीही हिरवट होऊ लागते.

दोन्ही प्रकारच्या शिड्यांत भिंत आणि पायऱ्या यांच्यामधल्या जागेकडे लक्ष द्या. काठावरच्या शिडीत ही फट साधारण ७५ ते १५० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवण्याची रीत आहे: पाऊल नीट टेकावे इतकी मोठी आणि मुलाला त्यातून पोहून जाण्याचा मोह होऊ नये इतकी लहान. टोप्या झिजल्या की फट कमी होते, जास्त जाडीच्या घातल्या की वाढते. म्हणून टोपी बदलल्यावर ती मोजावी. जमिनीवरच्या तलावातील शिडीमागे बरीच मोठी पोकळी राहते आणि मुले खेळताना तिच्यात शिरतात व अडकतात. त्या पोकळीला दोन्ही बाजूंनी अडसर असलेलीच शिडी घ्या. अडसर असूनही पाणी आतबाहेर फिरू शकेल अशी त्याची रचना असावी. तलाव वापरात नसताना बाहेरची पायरी काढून किंवा उचलून कुलूप लावावे.

कडाक्याची थंडी पडून पाणी गोठते अशा ठिकाणी हंगाम संपताच काठावरची शिडी काढा, सॉकेट कोरडे करून त्याला झाकण लावा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि भरलेले सॉकेट आतून फुटते. थंडी नसली तरी वर्षातून एकदा शिडी उपसून सॉकेट साफ करण्याचा क्रम ठेवा, कारण वर्षानुवर्षे न काढलेली शिडी पुढे निघतच नाही.

आपल्या शिडीसाठी क्रम असा ठेवा: आज ती बंद करा, उद्या पाण्यात उतरून टोप्या पाहा, मग चकत्या उचलून पाण्याची चाचणी करा. टोप्या गेलेल्या आणि सॉकेट पक्के असतील, तर नव्या टोप्या, सॉकेटची सफाई आणि खालून दाबून आवळणे एवढ्यावर भागेल. शाईच्या रेघा पहिल्या आठवड्यात दररोज आणि नंतर महिन्यातून एकदा पाहा. टोप्या टेकलेल्या असताना आणि व्यास जुळत असतानाही रेघ वर चढली, तर पाचर झिजली आहे, ती नवी आणा. सॉकेटकडेने बुडबुडे निघाले, तर पाचरीवर खर्च न करता सॉकेट रोवण्याचे काम हाती घ्या.